दहा अंश पूर्वेला

कॉलेजात माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की मी अर्धा गुण कापतो. बाकी सगळं बरोबर असलं तरी कापतो. पालक येऊन भांडून गेले, सहकाऱ्यांनी समजावून पाहिलं, एकदा प्राचार्यांनी चहा पाजून विचारलं, "सोडून द्या की सर, अर्ध्या गुणानं काय होतंय?" मी चहा घेतला आणि अर्धा गुण सोडला नाही. बायको म्हणते, तुमच्या पत्रिकेत एकही ग्रह नाही, नुसता लाल पेन आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते या माणसाला शोभणारं नाही.

मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. घराच्या गच्चीवर माझी एक दुर्बीण आहे. तिची नळी मी पीव्हीसी पाइपची केली होती, आरसा मागवला होता, आणि बाकीचं लोखंडकाम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दलच हे सगळं आहे. त्यांना सगळा गाव मिस्त्री म्हणतो, मीही मिस्त्रीच म्हणतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी तिथं ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाची कडी तुटलेली, कुणाचा हूक वाकलेला. आमच्या प्रयोगशाळेतले सगळे स्टँड त्यांनीच केलेत. वीस वर्षांत त्यातला एकही डुगडुगला नाही.

दुर्बिणीनं नुसतं बघायचं असेल तर फार उपद्व्याप लागत नाही. फोटो काढायचा असेल तर लागतो. पृथ्वी फिरते, त्यामुळं तारा दुर्बिणीतून सरकत जातो. मग दुर्बीणही त्याच वेगानं, एका मोटरीवर, त्याच्यामागं फिरवावी लागते. ज्या आसाभोवती ती फिरते तो आस पृथ्वीच्या आसाला समांतर पाहिजे, म्हणजे त्याचं तोंड बरोबर उत्तरेला आणि आमच्या अक्षांशाइतकं, एकोणीस अंशांच्या आसपास वर उचललेलं. एवढं करूनही घरगुती गिअर कुठं ना कुठं अडखळतात आणि तारा हलतो. म्हणून ऑटोगायडर. दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण, तिला जुन्या वेबकॅमचा डोळा, आणि त्या डोळ्यामागं तळहाताएवढा एक संगणक. तो एकच तारा निवडतो, दर दोन सेकंदांनी त्याच्याकडं बघतो, आणि तारा जरा सरकला की मोटरीला तेवढाच धक्का देतो. सायकल शिकवणारा कॅरिअर धरून मागून पळतो ना, तसंच हे काम.

पण आधी खांब हवा होता. दुर्बीण तिपाईवर ठेवली की गच्चीवर कुणी चाललं तरी हलायची. मिस्त्रींना सांगितलं. टोळ्या निघायचे दिवस, त्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. तरी दिवाळीच्या सुटीतल्या एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, ते सरळ मशिदीतूनच माझ्या गच्चीवर आले. डोक्यावर टोपी तशीच होती. सहा इंची पाइपचा खांब आणि दुर्बिणीचा आस ज्यावर बसणार तो वरचा पट्टीचा तिरपा कोन त्यांनी आधीच दुकानात तयार करून ठेवला होता. आता कोन खांबावर कुठल्या दिशेला बसवायचा तेवढं ठरायचं होतं.

"मिस्त्री, तोंड बरोबर उत्तरेला पाहिजे बरं," मी म्हणालो. "ध्रुव तारा तिकडच्या बिल्डिंगमागं जातो, त्यामुळं मला रात्री तपासता येत नाही."

उत्तरेला शेजाऱ्यांनी तीन मजले चढवले होते. आमच्याकडं ध्रुव तसाही खालीच असतो. मी मोबाइलमधलं होकायंत्र काढून खांबाजवळ धरलं. ते दर पावलाला वेगळीच दिशा दाखवायला लागलं. खाली स्लॅबमधल्या सळ्या, समोर मणभर लोखंड, ते तरी बिचारं काय करणार.

मिस्त्री हसले. "दिशा मला सांगू नका सर. दिवसाची पाच टायम दिशा बघतो मी."

ते पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले, पाय जुळवले, जरा सावरले, आणि उजवा हात सरळ बाजूला काढला. तो हात गेला ती उत्तर. त्या रेषेत मी खडूनं खूण केली. त्यांनी डोळ्यांवर काच धरली आणि कोन खांबाला कायमचा जोडून टाकला. मी बघतच राहिलो. एवढ्या ठामपणे दिशा दाखवणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

ते त्यांच्या शेवटच्या वेल्डिंगांपैकी एक ठरलं. डोळे आधीपासून दुखत होतेच, पण टोळ्या जाईपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नंतर इथल्याच मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो परत यायचा नाही. कडा अजून शाबूत आहेत, त्या किती दिवस टिकतील ते सांगता येत नाही. वेल्डिंग त्याच दिवशी बंद. दुकान मुलगा बघायला लागला. तो चाळिशीचा आहे आणि हात चांगला आहे, पण बोलत नाही. मिस्त्री दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागले. समोरच्या माणसाशी बोलताना ते तोंड त्याच्या खांद्याकडं करायचे, म्हणजे त्यांना त्याचा चेहरा दिसायचा. नवखा माणूस मागं वळून बघायचा, आपल्यामागं कोण उभं आहे म्हणून.

डिसेंबरात एका संध्याकाळी ते मुलाला घेऊन गच्चीवर आले. "मी बनवलेलं काय दाखवतं ते बघू द्या की," म्हणाले. आकाशात मृग वर आला होता. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना आमच्याकडं तिकांडं म्हणतात. त्याच्या खाली एक तेजोमेघ आहे, काळ्याभोर आकाशात नुसत्या डोळ्यांनीही पुसट दिसतो. मी दुर्बीण त्यावर लावली आणि त्यांना नळीपाशी उभं केलं.

त्यांनी बराच वेळ डोळा लावला. मग दुसरा लावला. मग मान तिरकी करून लावला.

"उजेड हाय," ते म्हणाले. "बाकी काय बी न्हाई."

"सरळ बघू नका. नजर जरा बाजूला ठेवा. पुसट गोष्ट कडेनं जास्त दिसते," मी म्हणालो. दुर्बीणवाल्यांचा हा जुना उपाय आहे, मी मुलांनाही शिकवतो.

"मी तं सगळंच कडेनं बघतो आता," ते म्हणाले, आणि माझी मान खाली गेली.

जिना उतरताना मुलानं त्यांचा हात धरला होता. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. "सर, चाळीस वर्ष झाली. गेट बनवलं, ट्रॉल्या बनवल्या, लोक घिऊन गेले. कुणाला म्हणलो न्हाई की मला दाखवा. ह्ये येक बघावं वाटतंय. डोळ्यात हाय तवर."

मी म्हणालो, "डोळ्याला दिसत नाही ते फोटोत दिसतं. मी फोटो काढून मोठा करून दाखवतो."

"किती दिवसात?"

"महिन्यात," मी म्हणालो. असं बेधडक उत्तर मी विद्यार्थ्याचं खपवून घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ऑटोगायडरला लागलो. तोपर्यंत तो माझ्यासाठी सुटीतला नाद होता. आता त्याला मुदत आली होती, आणि ती मुदत दुसऱ्याच्या डोळ्यांत होती, मला तिचा अंदाज लागत नव्हता. संगणक स्वयंपाकघरातल्या एका डब्यात बसवला, डब्याला वायरींसाठी भोकं पाडली. बायकोनं डबा ओळखला. "अहो, हा माझा पोळ्यांचा डबा," ती म्हणाली. मी म्हणालो, विज्ञानासाठी दिलास असं समज. ती म्हणाली, विज्ञानाला सांगा, पोळ्या आता हातात घेऊन जा कॉलेजला. वेबकॅमचं भिंग काढलं. प्रोग्रॅम लिहिला: चित्रातला सगळ्यात उजळ ठिपका शोधायचा, त्याचा मध्य काढायचा, आधीच्या जागेशी ताडून बघायचा, फरक असेल तर मोटरीला सांगायचं. कागदावर चार ओळींचं काम. प्रत्यक्षात नाकी नऊ आले.

तारा धरला जायचा आणि सुटायचा. मोटरी दोन होत्या, एक पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिमेची ठीक चालायची. उत्तर-दक्षिणेची धक्के देऊन देऊन थकायची, तरी तारा एकाच बाजूला सरकत राहायचा. मला वाटलं पट्टा घसरतोय. पट्टा बदलला. मग वाटलं गिअरमध्ये ढिलाई आहे. गिअर उघडला, साफ केला, लावला. मग प्रोग्रॅमवर संशय. कॉलेजातून आल्यावर अंधार पडला की मी गच्चीवर, जेवायला हाक आली की खाली. शेजारच्या बिल्डिंगमधले लोक बाल्कनीतून बघायचे. त्यांतल्या एका काकूंनी बायकोला हळूच विचारलं, सर काही अनुष्ठान करतेत का?

महिना उलटला. दुकानावरून जाताना मी स्कूटर जोरात काढायला लागलो. मिस्त्री खुर्चीत असायचे. त्यांना मी दिसत नसणार, पण माझ्या स्कूटरचा आवाज ते ओळखत होते. एकदा मागून ओरडले, "सर, झालं का?" मी न ऐकल्यासारखं केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी मी जे केलं ते कुठलाही चिडलेला माणूस करतो. प्रोग्रॅममधला धक्क्याचा आकडा चौपट केला. आणि तारा थांबला. पडद्यावरची रेघ सरळ झाली. अर्धा तास झाला तरी तारा आपल्या चौकोनाच्या मधोमध खिळलेला. मी खाली जाऊन बायकोला वर घेऊन आलो, रेघ दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. सरळ आहे." एवढा चौपट जोर लावायची गरजच का पडावी, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. बारावीच्या मुलाला पडला असता.

त्या संध्याकाळी पाऊण तास फोटो काढले आणि एकावर एक चढवले. चित्र उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. मधोमध ज्या ताऱ्याला ऑटोगायडरनं धरलं होतं तो सुईच्या टोकासारखा होता. बाकीचे सगळे तारे त्याच्याभोवती वाकले होते. जवळच्यांच्या बारीक रेघा, लांबच्यांच्या मोठ्या, कोपऱ्यातले तर चांगले कमानीसारखे. तेजोमेघ सारवल्यासारखा पसरला होता. सगळं आकाश त्या एका ताऱ्याभोवती फिरत होतं.

असं एकाच कारणानं होतं. आस तिरपा असला की. ऑटोगायडर इमानानं एक तारा धरून ठेवतो, पण बाकीचं आकाश त्याच्याभोवती वळत जातं, ते तो थांबवू शकत नाही. म्हणजे दोन महिने मी पट्टा, गिअर आणि प्रोग्रॅम यांच्यावर आळ घेत होतो, आणि दोष त्या एका वस्तूत होता जिच्यावर मी शंकाच घेतली नव्हती. खांबाच्या तोंडात.

उत्तर शोधायला ध्रुव लागतोच असं नाही. दुपारी सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हा सावली बरोबर उत्तरेला पडते. घड्याळात बारा वाजता नव्हे. आमच्याकडं जानेवारीच्या अखेरीस ते बारा छत्तीसच्या सुमारास येतं. रविवारी मी ओळंबा टांगला, त्याच्या दोऱ्याची सावली गच्चीवर पेन्सिलीनं आखून घेतली, आणि शेजारी खांबाची रेष आखली. दोन रेषा जुळायला हव्या होत्या. त्यांच्यात कोनमापकानं दहा अंश निघाले. खांबाचं तोंड उत्तरेपासून दहा अंश पूर्वेला होतं. मी तीन वेळा मोजलं.

मिस्त्रींसारखा माणूस दहा अंश चुकतो हे पटेना. एखाद-दोन अंश ठीक आहे. दहा म्हणजे आंधळ्यानंही चुकू नयेत इतके, असं माझ्या मनात आलं, आणि तो शब्द मनात आल्याबद्दल मला स्वतःचा राग आला.

कोन कायमचा जोडलेला होता. तो कापल्याशिवाय फिरणार नव्हता, आणि कापायचं तर त्यांना सांगितल्याशिवाय कापता येणार नव्हतं. लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग मी फोटो उघडून त्यांच्यापुढं धरला. माझा सगळा जीव पुढं काय बोलायचं त्यात अडकला होता.

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि कडेनं पडद्याकडं बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय," ते म्हणाले. "समदे फिरतेत. मधला येक उभा हाय."

"हो, पण..."

"मधला कावून फिरत न्हाई?"

"त्याला मशिननं धरून ठेवलंय. पण मिस्त्री, हे चुकलंय. असं यायला नको. सगळे ठिपके यायला पाहिजेत." मी लाल पेन घेतल्यासारखा बोलत सुटलो. आस, सावली, ओळंबा, दहा अंश. मुलगा काम थांबवून ऐकत होता.

"कुठं गेलंय दहा?" मिस्त्रींनी विचारलं.

"पूर्वेला."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले, गच्चीवर राहिले होते तसेच, पाय जुळवून. उजवा हात काढला. हात तसाच ठेवून दोन-तीनदा मान हलवली, आणि खाली बसले.

"चूक माझी हाय सर. मी मगरिबकडं तोंड केलंच न्हाई. मी मक्क्याकडं केलं."

मगरिब म्हणजे पश्चिम, एवढं कळलं; बाकी कळलं नाही. त्यांनी समजावलं. त्यांची मशीद जुनी, पश्चिमेकडं तोंड करून बांधलेली. पण मक्का इथून सरळ पश्चिमेला येत नाही, जरा उत्तरेकडं कलतो. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी नीट दिशा मोजली आणि ठरलं की नमाजाच्या रांगा भिंतीला तिरप्या लावायच्या. त्या तिरप्या रांगांच्या पट्ट्या फरशीवर खुद्द मिस्त्रींनीच आखल्या होत्या, दोरी धरून. तेव्हापासून दिवसातून पाच वेळा ते त्या तिरप्या रेषेवर उभे राहत आले. शरीराला तीच पश्चिम झाली. आणि त्या शुक्रवारी तर ते थेट तिथूनच उठून आले होते.

"भिंत येका अंगाला, आमी येका अंगाला," ते म्हणाले. "म्या आखलं अन् मीच इसरलो."

मी घरी येऊन हिशेब मांडला. इथून मक्का सरळ पश्चिमेपासून दहा-अकरा अंश उत्तरेला येतो. पश्चिम दहा अंश उत्तरेला कलली की उजव्या हाताची उत्तर तेवढीच पूर्वेला कलते. मिस्त्री एका अंशानंही चुकले नव्हते. ते फक्त वेगळ्या जागेकडं तोंड करून उभे होते.

पुढच्या शुक्रवारी बाप-लेक ग्राइंडर घेऊन आले. मिस्त्री सावली स्वतः बघणार म्हणाले. चुन्यानं रंगवलेल्या गच्चीवर दोऱ्याची सावली काळी पडली होती. ते उकिडवे बसले, तोंड टाकीकडं केलं, आणि बोटानं सावलीवरून चाचपत गेले. मुलानं जोड कापला. तो परत वेल्ड करायला निघाला तर मिस्त्रींनी अडवलं.

"आता जोडू नको. पट्टीला लांब गाळे पाड, बोल्ट लाव. ढिले केले की फिरलं पाहिजे. माणसाचं चुकतं."

मुलानं बोल्ट आत सरकतील असे वाकडे, लांबट गाळे पाडले. चार बोल्ट बसले. नव्या उत्तरेवर मिस्त्रींनी छन्नीनं एक खूण मारली, हातानं जागा चाचपून. जुन्या जोडाचा खरबरीत वण खांबावर तसाच राहिला, बोटभर बाजूला.

मग सगळं सरळ झालं. धक्क्याचा आकडा मी परत चौथाईवर आणला, तरी रेघ हलेना. फेब्रुवारीच्या मध्यात एक स्वच्छ संध्याकाळ मिळाली. त्या दिवशीचा फोटो मी आजवर काढलेल्यांत सगळ्यात चांगला आहे. तेजोमेघाचे पंख, त्यातली काळी खाच, मधले चार तारे वेगवेगळे, आणि कोपऱ्यापर्यंत प्रत्येक तारा गोल ठिपका. शहरातल्या फोटोग्राफरकडून मोठा प्रिंट काढून घेतला, खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला, आणि स्कूटरच्या पायाशी उभा धरून दुकानात नेला. रस्त्यात आरशात माझं तोंड दिसलं, हसत होतं.

मिस्त्रींनी प्रिंट मांडीवर घेतला. तोंड डावीकडं केलं. मग उजवीकडं. प्रिंट जवळ आणला, लांब नेला. मुलानं येऊन ट्यूबलाइट लावली.

"काळं हाय सर," ते म्हणाले.

"मध्ये बघा. मध्ये ढग आहे."

"मधी उजेड हाय जरा. बाकी काळं हाय." त्यांनी प्रिंटवरून तळहात फिरवला, पत्र्यावरचा खड्डा शोधावा तसा. माझ्या चेहऱ्याकडं, म्हणजे माझ्या खांद्याकडं बघून म्हणाले, "चांगलाच असंल. तुमी काढलाय." थोड्या वेळानं म्हणाले, "पयला व्हता ना, गोल फिरत्याला? त्यो दिसलता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना ठिपका दिसत नव्हता. बारीक, गोल, बरोबर असलेला तारा त्यांच्या नजरेतून निसटत होता. रेघ दिसत होती, कारण रेघ लांब असते, कडेच्या नजरेला सापडते. त्या दिवशी त्यांनी "दिसतंय" म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं. ज्या एका शब्दासाठी मी दोन महिने गच्चीवर काढले, तो शब्द त्यांनी उच्चारला आणि मी त्यावर दहा अंशांचं व्याख्यान दिलं. मला फार वाईट वाटलं. एवढंच लिहिता येतं.

जुना फोटो मी दुकानातून परतलो त्याच रात्री पुसून टाकला होता. चुकीची गोष्ट मी ठेवत नाही.

मार्च लागला. मृग आता संध्याकाळी पश्चिमेकडं कलायला लागला होता, अजून थोडे दिवस आणि तो हातचा जाणार होता. मिस्त्रींच्या मुलानं एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं, अब्बा आता जेवताना ताट चाचपतात. तो एवढं लांब वाक्य माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी पान्हा घेऊन गच्चीवर गेलो. चारही बोल्ट ढिले केले. छन्नीची खूण सोडली आणि कोन पूर्वेकडं फिरवत नेला, जुन्या वणाशी वण जुळेपर्यंत. बोल्ट आवळले. ऑटोगायडरचा आकडा परत चौपट केला. आयुष्यात पहिल्यांदा मी माहीत असून चुकीचं यंत्र जुळवत होतो, आणि हात मात्र नेहमीपेक्षा स्थिर होता. बायको दोरीवरचे कपडे काढायला आली होती. तिनं विचारलं, "परत बिघडलं का?" मी म्हणालो, "नाही, मीच बिघडवतोय." कपडे घेऊन जाताना तिनं गच्चीवरचा दिवा बंद केला, मला लागतो तसा.

या वेळी दीड तास फोटो काढले. रेघा जितक्या लांब तितक्या बऱ्या. तारा धरलेला राहिला. मृग शेजारच्या बाभळीवर टेकेपर्यंत राहिला. संगणकावर फोटो एकावर एक चढवले, तारे उजळ केले, तेजोमेघाची पर्वा केली नाही. जे निघालं ते कुठल्याही खगोल मंडळात दाखवलं असतं तर लोकांनी माझी कीव केली असती. मधोमध एक ठिपका आणि भोवती जाड, पांढऱ्या, निळसर, एक-दोन तांबूस रेघा, सगळ्या त्याच्याभोवती वाकलेल्या. मधला ठिपका मी मोठा केला. तीही लबाडीच.

प्रिंट आधीच्यापेक्षा दुप्पट काढला. दुकानातल्या भिंतीला टेकवून ठेवला. मिस्त्रींनी खुर्ची फिरवून घेतली, तोंड रस्त्याकडं केलं आणि कडेनं भिंतीकडं बघायला लागले. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा ट्रक मोजतोय.

मग त्यांनी हात लांब केला. बोट एका रेघेवर ठेवून तिच्या वळणावरून नेलं, मग दुसऱ्या रेघेवर. अशा सात-आठ रेघा त्यांनी बोटानं चालून बघितल्या. शेवटी बोट मधल्या ठिपक्यावर आलं आणि थांबलं.

"ह्यो उभा हाय."

"हो."

"ह्याला मशिननं धरलाय. अन् मशिन माझ्या खांबावर हाय."

"तुमच्याच खांबावर."

मुलानं ग्राइंडर बंद केला होता. मिस्त्रींचे डोळे पाणावले होते, की नुसते दुखत होते, मला सांगता येणार नाही. त्यांनी बोट ठिपक्यावरून काढलं नाही.

"सर," ते म्हणाले, "आता बरोबर आलं ना?"

मी सव्वीस वर्षं लोकांचे अर्धे अर्धे गुण कापत आलोय.

"बरोबर आलं," मी म्हणालो. "अगदी बरोबर."

बोल्ट अजून मिस्त्रींच्या जुन्या वणावरच आहेत. पावसाळ्याआधी खांबावर ताडपत्री बांधताना मी पान्हा घेऊन गेलो होतो, तसाच परत खाली घेऊन आलो.